पावणेचार फुटांचा वाटा

मी पाइप बोलतोय. अख्खा पाइप नव्हे, पाइपाचा तुकडा. सात तुकड्यांतला सातवा आणि सगळ्यांत आखूड. लांबी तीन फूट नऊ इंच. माझ्या एका टोकाला गोल टोपी बसवलेली आहे, दुसऱ्या टोकाला ग्राइंडरने कापल्याची धार आहे. त्या बाजूला हात लावू नका. ज्यांचा हात कापावा असं मला वाटतं, ते तुम्ही नाही.

लोखंडाला कसला आलाय राग, असं म्हणाल. पूर्वी मलाही तसंच वाटायचं. पण साठ फुटांचा धडधाकट पाइप होतो मी, आणि मला सात बिऱ्हाडांत वाटून टाकलं. टक्केवारी काढून, ठराव करून, अगदी न्यायाने! चोराने उपटून नेला असता तर निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. इथे शिव्या घालायला गेलं की लोक कागद दाखवतात.

सुरुवातीपासून सांगतो. वेल्डरच्या दुकानाबाहेर आम्ही वीस-वीस फुटांचे पाइप भिंतीला टेकून उभे असायचो. एके दिवशी साठीच्या एक बाई आल्या. त्यांच्या हातात जाड दोऱ्याचं एक गोल कडं होतं, गाठ मारलेलं.

"हे आमच्या ह्यांच्या उजव्या मुठीचं माप," त्या म्हणाल्या. "अर्धांगाचा झटका येऊन गेलाय. मूठ पुरती मिटत नाही. मिटते ती एवढी."

"काकू, भिंतीला लावायचाय ना? मग दोन इंची न्या," वेल्डर म्हणाला. "हत्ती लटकला तरी हलणार नाही."

"हत्ती कशाला लटकतोय? हे लटकणार. त्यांच्या मुठीत मावेल असा द्या."

वेल्डरने मग एकेका पाइपावर ते दोऱ्याचं कडं चढवून पाहिलं. एकावर घट्ट झालं, एकावर लोंबायला लागलं. सव्वा इंचीवर नीट बसलं. त्याने आमच्यापैकी तिघांना निवडलं, टोकाला टोक लावून जोडलं आणि सांध्यांवर कानस मारत अर्धा दिवस घालवला. कानस मारून झाली की डोळे मिटून तळवा फिरवायचा, पुन्हा कानस मारायचा. आजारी हाताला टोचलेलं कळत नाही, रक्त आलं की मगच कळतं, हे त्याला कुणी शिकवलं होतं देव जाणे. असा मी तिघांचा एक झालो. लाल प्रायमर, त्यावर पिवळा रंग. मी काही मिरवायला जन्मलो नव्हतो, पण त्या दिवशी मी देखणा दिसत होतो हे सांगायला मला लाज वाटत नाही.

ज्यांच्यासाठी मी आलो ते काका म्हणजे बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस. तळमजल्यावरचा सगळ्यांत लहान फ्लॅट त्यांचा. इमारतीत एकूण सात बिऱ्हाडं. मागच्या बाजूला, इमारतीची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये, साठ फूट लांब आणि अकरा फूट रुंद अशी जागा होती. ती सगळ्यांच्या मालकीची, म्हणजे कुणी ढुंकूनही न पाहण्याची. गुडघाभर गवत, फुटक्या कुंड्या, चाक नसलेली एक सायकल आणि वरून टाकलेला कचरा. कुणी टाकला, विचाराल तर सगळेच कानावर हात ठेवतील.

काकूंनी सभेत विचारलं होतं, की मागच्या भिंतीला धरायला पाइप लावू का? ह्यांना सपाट, सरळ जागेत चालायला सांगितलंय, रस्त्यावर वाहनं धड उभं राहू देत नाहीत. कुणाची हरकत नव्हती. उकिरड्यावर कोण हरकत घेणार? काकूंनी गवत काढलं, कुंड्या उचलल्या, सायकल भंगारात दिली, एका बाईला हाताशी घेऊन चार दिवसांत फरशी लख्ख धुऊन काढली. चूक झाली असेल तर त्यांची एवढीच झाली. जागा स्वच्छ झाली आणि लोकांना दिसली.

दर चार फुटांवर एक, असे सोळा आकडे भिंतीत ठोकून मला बसवलं. काका त्या आकड्यांना थांबे म्हणायचे. जाताना भिंत डाव्या हाताला, म्हणजे चांगला हात माझ्यावर. येताना भिंत उजव्या हाताला, म्हणजे आजारी हात. व्यायाम शिकवायला येणारी ताई म्हणायची, "काका, खरं औषध परतीच्या वाटेत आहे. जाताना तुम्ही पाइप धरता, येताना पाइप तुम्हाला धरतो." ती काकूंना बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगायची, आणि ती माझ्या शेजारीच उभी राहून सांगायची म्हणून मला माहीत आहे. झटक्यानंतरचे पहिले आठ-नऊ महिने फार मोलाचे. त्यात पाय जेवढा परत येईल तेवढा आपला. नंतर फार घासाघीस करावी लागते.

पहिल्या दिवशी काका दुसऱ्या थांब्यावर घामाघूम झाले. जीभही जड झाली होती त्यांची. तरी म्हणाले, "गाडी... गरम झाली. पाणी... घाला." काकू हसल्या आणि पदराने त्यांचं तोंड पुसता पुसता रडल्या. पंधरा दिवसांत पाचवा थांबा आला. दोन महिन्यांत अकरावा. उजवी मूठ माझ्यावर आवळायची तेव्हा सुरुवातीला मला ओल्या फडक्याइतकी ती लागायची. पुढेपुढे बोटांची पेरं वेगवेगळी जाणवायला लागली. मी लोखंड आहे, मला खोटं बोलून काही मिळवायचं नाही. तो हात परत येत होता.

आणि मग आले फरशीवाले.

दुसऱ्या मजल्यावर दोन फ्लॅट एकत्र करून राहणारे हे गृहस्थ. त्यांचं फरश्यांचं दुकान. एका सकाळी काका तिसऱ्या थांब्यावर पोचले तर पुढे फरश्यांची खोकी रचलेली. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "दोन दिवसांचा प्रश्न आहे हो वहिनी." दोन दिवसांचा आठवडा झाला. मग समोरच्यांना वाटलं, यांनी ठेवायचं आणि आपण का नाही? त्यांनी जुनी कपाटं आणून ठेवली. वरच्यांनी खाट आणली. महिन्याभरात सगळ्यांना आपापल्या हक्कांची आठवण झाली. ज्या जागेवर वर्षानुवर्षं यांनी कचरा टाकला, त्या जागेचा प्रत्येक इंच आता यांच्या काळजाचा तुकडा झाला होता.

सभा माझ्यासमोरच भरली. खुर्च्या मांडल्या, कुणीतरी माझ्यावर छत्री अडकवली. सेक्रेटरी म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. सगळे मागून त्यांना दशांशमास्तर म्हणतात. माणूस कुणाचं वाईट चिंतणारा नाही, आणि हेच तर माझ्या डोक्यात जातं. वाईट माणसाशी दोन हात करता येतात. बेरीज बरोबर आली की ज्याला जगातलं सगळं ठीक वाटतं, त्याच्याशी काय करायचं?

"सामायिक सामायिक म्हणून एकट्यानेच वापरायचं का?" फरशीवाले म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ तुम्हीच असता इथे."

"आम्ही चालतो हो," काकू म्हणाल्या. "चालून झालं की जागा जिथल्या तिथे असते. घरी नेत नाही आम्ही."

"भावना बाजूला ठेवू," मास्तर म्हणाले. "ज्याचा फ्लॅट जेवढा, तेवढा त्याचा हिस्सा. यात कुणावरच अन्याय नाही."

आणि त्यांनी कागद उघडला. साठ फुटांचे सात आडवे पट्टे. फरशीवाल्यांना तीस टक्के, म्हणजे अठरा फूट. काकांना सहा पूर्णांक पंचवीस शतांश टक्के, म्हणजे तीन फूट नऊ इंच. सगळ्यांची बेरीज शंभर, त्यापुढे दशांशचिन्ह आणि तीन शून्यं. ती तीन शून्यं वाचताना मास्तरांचा चेहरा असा खुलला होता की बघवत नव्हता. कुठला पट्टा कुणाचा, त्यासाठी चिठ्ठ्या काढल्या. मागे यायला दार एकच, जिन्याजवळचं. दारालगतचा पहिला पट्टा फरशीवाल्यांना गेला आणि थेट टोकाचा सातवा पट्टा काकांना. चिठ्ठ्यांत लबाडी नव्हती. मी डोळ्यात तेल घालून बघत होतो, असती तर सांगितलं असतं.

काका खुर्चीत बसून ऐकत होते. हळूहळू म्हणाले, "शेवटचा थांबा... मिळाला. मधले... सगळे बंद."

"काका अजून फॉर्मात आहेत!" फरशीवाले म्हणाले आणि चारचौघं हसले. हसताना एकाने पाठ माझ्यावर टेकली होती. मला गदागदा हलवलं त्याने.

काकू उठून उभ्या राहिल्या. "मास्तर, एक सांगा. मधले सहा पट्टे ओलांडल्याशिवाय आमच्या पट्ट्यात जायचं कसं? वाट कुठेय?"

सगळा प्रश्न त्या एका वाक्यात आला होता. शाळेतलं मूलही थांबलं असतं. मास्तर मात्र हातातला दुसरा कागद बघून म्हणाले, "हा विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही." आणि ठराव मंजूर झाला. सहा हात वर. काकूंनी हात वर केला नाही, काकांचा उजवा हात वर होत नव्हता, डावा त्यांनी मांडीवरून उचलला नाही.

मग विषय निघाला माझा. पट्ट्यांमध्ये जाळ्या लावायच्या तर हा पाइप आडवा येतो. पाइप काकूंनी लावला, पण भिंत सामायिक. सामायिक भिंतीवर जे कायमचं बसवलं तेही सामायिक, असं मास्तरांनी नियमावलीतून वाचून दाखवलं. म्हणून पाइपही त्याच प्रमाणात वाटावा. ज्याच्या पट्ट्यात जेवढा येईल तेवढा त्याचा. मला वाटलं, आता तरी कुणीतरी तोंड उघडेल. सहा हात पुन्हा वर झाले.

कापायला वेल्डरलाच बोलावलं होतं. तो आला, त्याने माझ्यावर तळवा फिरवला, खडूच्या खुणा बघितल्या. "याला कापायला दुसरा कुणीतरी बघा," म्हणाला आणि सायकलवर बसून निघून गेला. त्या इमारतीत पाय ठेवलेल्यांपैकी तो एकटा शहाणा निघाला. मग फरशीवाल्यांच्या दुकानातला फरश्या कापणारा माणूस आला. त्याने सहा ठिकाणी ग्राइंडर चालवला. मला कसं वाटलं ते मी सांगणार नाही. खिडकीच्या आत काका बसलेले होते आणि आवाज त्यांनाही येत होता, एवढं सांगतो.

आता पुढची गंमत ऐका. गंमत म्हणतो ती दात खाऊन म्हणतो. फरशीवाल्यांनी आपल्या पट्ट्याला जाळी ठोकली, दाराला कुलूप लावलं. दार त्यांच्या पट्ट्यात, त्यामुळे कुलूप कायदेशीर. तेव्हा कुठे बाकीच्यांच्या डोक्यात प्रकाश पडला! सहा मालक, सहा पट्टे, नकाशा फ्रेम करून जिन्यात लावलेला, आणि आत जाता येत नाही. शंभर टक्के जागा वाटली होती मास्तरांनी. वाटेला ठेवायला काही उरलंच नव्हतं. एका रविवारी खुद्द मास्तर बाहेरून शिडी लावून, धोतर सावरत, कुंपणाच्या भिंतीवरून आपल्या पट्ट्यात तुळईसारखे आडवे होऊन उतरले, दोन कुंड्यांना पाणी घालायला. परत चढता येईना. फरशीवाले दुकानातून येईपर्यंत ते तिथेच उभे, स्वतःच्या मालकीच्या आठ फुटांत.

हे सगळं मी काकांच्या खिडकीतून पाहिलं. माझा तुकडा काकूंनी घरी आणला होता. त्यांनी तो दोन आकड्यांवर पलंगाशेजारच्या भिंतीत बसवून घेतला, खिडकीखाली. मला धरून काका पलंगावरून उठायचे. माझी भावंडं कुठे कुठे गेली. एकावर कपडे वाळत होते, एकाला पडदा लावला होता, एक वेलीला आधार झाला होता, फरशीवाल्यांचा अठरा फुटी दुकानात खोक्यांना अडसर म्हणून पडला होता.

मला धरून उठता येतं. चालता येत नाही. पावणेचार फुटांत चालून कुठे जाणार? काका खोलीतल्या खोलीत पलंग ते स्वयंपाकघराचं दार असे फेऱ्या मारायला लागले. मध्ये कोपरा, टेबल, उंबरठा. एकदा उंबरठ्याला पाय अडखळून पडले. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसून बाहेरच्या जाळ्या बघत राहायचे. व्यायामाची ताई यायची, पाय हलवून बघायची आणि काकूंशी बोलताना दर खेपेला तिचा आवाज आणखी खाली जायचा. आजारी मुठीची बोटं मला पुन्हा एकमेकांना चिकटल्यासारखी लागायला लागली. एकेक दिवस मोजला मी.

असे पाच महिने गेले. त्यांत चार सभा झाल्या. फरशीवाल्यांनी रोज दुपारी चार ते पाच या वेळात दार उघडं ठेवायचं कबूल केलं, मग भांडण झालं, मग बंद केलं. कुणी वकिलाकडे गेलं. अखेर पाचव्या सभेत ज्ञान प्राप्त झालं, की इमारतीच्या भिंतीला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तीन फुटांची मोकळी वाट सोडावी. म्हणजे नेमकी काका जिथून चालायचे तिथून. मास्तर, फरशीवाले आणि आणखी दोघं ही बातमी द्यायला घरी आले.

"काका, एकमताने मंजूर झालं," मास्तर म्हणाले. "पाइपही पूर्ववत जोडून घेऊ. सहा तुकडे जमा झालेत. तुमचा तेवढा द्या."

"हा निघणार नाही," काकू म्हणाल्या. "याला धरून ते उठतात."

"पण मग शेवटचे पावणेचार फूट पाइपाशिवाय राहतील."

"राहू देत. ते तिथवर पोचले, की मी स्वतः काढून आणून देईन तुम्हाला."

फरशीवाले काहीतरी बोलणार होते, पण काका उठायला लागले. डावा हात खुर्चीवर, उजवा माझ्यावर. कुणी पुढे झालं नाही, काकूंनी हातानेच सगळ्यांना थांबवलं. बराच वेळ लागला. उभे राहिल्यावर त्यांनी आधी श्वास घेतला.

"मास्तर... जागा परत आली," ते म्हणाले. "माझे... पाच महिने. ते कुणाच्या... वाट्याला गेले? तेवढं... बघून सांगा."

मास्तरांनी चष्मा लावला, खिशातून कागद काढला आणि खरोखरच उघडला. बोट सातही नावांवरून खाली आणलं. पुन्हा वर नेलं. फरशीवाले खिडकीबाहेर बघत होते. "बघून सांगतो," असं काहीसं पुटपुटत मास्तरांनी कागदाची घडी घातली आणि मंडळी चपला घालून निघाली.

तुम्हीही कुठेतरी टेप घेऊन उभे असाल, जिना, गच्ची, मागची जागा वाटायला. वाटा खुशाल. पण टेपचं टोक जमिनीला टेकवण्याआधी तिथून रोज कोण जातं ते विचारा, आणि एखादी बाई वाट कुठे आहे असं विचारत असेल तर विषयपत्रिका तिच्या तोंडावर मारू नका. यापेक्षा गोड शब्दांत विनंती करणं मला जमणार नाही.

आता वाट मोकळी आहे. वेल्डरने येऊन सहा तुकडे जोडले, कानस मारली, डोळे मिटून सांध्यांवर तळवा फिरवला. काका पहिल्याच दिवशी गेले. जाताना दुसरा थांबा आला. परत येताना मूठ सुटली, काकूंनी खुर्ची पुढे सरकवली. रोज जातात, रोज दुसऱ्याच थांब्याशी थांबतात.

मास्तर बघून सांगतो म्हणाले त्याला आज नऊ दिवस झाले. काका सकाळी मला धरून उठतात, उभे राहतात आणि काकूंना विचारतात, "मास्तर... आले का?"

"नाही आले," काकू म्हणतात.

मग ते बूट मागतात.